एमएक्स-५ चा ब्रीदर पाईप पुन्हा पुन्हा तुटतोय? नवीन लावायच्या आधी हे बघा

माझदा एमएक्स-५, म्हणजे ती दोन सीटांची उघड्या टपाची गाडी, पहिल्या पिढीची (उघडझाप हेडलाइटवाली, १९८९ पासूनची) किंवा १९९८ नंतरची दुसऱ्या पिढीची, जुनी घेऊन घरीच हात काळे करणारे आपले बरेच मराठी लोक इकडे इंग्लंडात आहेत, आणि त्यांच्याकडून एक तक्रार सारखी कानावर येते. इंजिनाचा ब्रीदर पाईप, म्हणजे इंजिनाला श्वास घेऊ देणारी रबरी नळी, फाटला, नवीन टाकला, थोडे महिने बरं चाललं, परत फाटला. कुणाचा फाटत नाही पण निसटून येतो. कुणाचा आतून चपटा होऊन बसतो. मग पाईपच भिकार निघाला असं म्हणून तिसरा आणतात.

माझं ठाम मत आहे की हा पाईप दुसऱ्यांदा तुटला तर दोष पाईपात शोधायचा नाही. पहिल्यांदा तुटणं समजू शकतं, पंचवीस-तीस वर्षांचं रबर आहे, एक्झॉस्टच्या उष्णतेजवळ बसलेलं, ते कडक होऊन तडकणारच. पण नवीन पाईप लवकर गेला तर बहुतेक तीनच गोष्टी असतात: चुकीचं रबर, चुकीची बसवणी, नाहीतर इंजिनाच्या पोटात, म्हणजे पिस्टनखालच्या बंद जागेत, प्रेशर. तिसरी सगळ्यात महत्त्वाची आणि तिच्याकडेच कुणी बघत नाही.

आधी हे पाईप करतात काय ते नीट डोक्यात बसवू, कारण ते कळलं की निम्मं निदान तिथेच होतं. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळालेला गॅस थोडासा त्यांच्या कडेने खाली उतरतोच, त्याला ब्लो-बाय म्हणतात. तो खाली साठला तर ऑइल सीलांमधून, पॅकिंगमधून वाट काढतो आणि ऑइल बाहेर ढकलतो. पूर्वीच्या गाड्यांना एक नळी खाली रस्त्याकडे सोडलेली असायची, तो सगळा धूर उघड्यावर जायचा, मग १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियापासून सुरुवात होऊन तो धूर परत इंजिनातच ओढून जाळायची पद्धत आली, तीच ही पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन). एमएक्स-५ मध्ये टॅपेट कव्हरला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाला, दोन जोडण्या असतात. एक इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलेंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांच्या) बाजूला, तिथे रबरी ग्रोमेटमध्ये, म्हणजे भोकात बसवलेल्या रबरी कड्यात, पीसीव्ही व्हॉल्व्ह खोचलेला असतो आणि त्याच्यापासून एक आखूड पाईप मॅनिफोल्डला जातो. दुसरी एक्झॉस्टच्या बाजूला, तिथून पाईप निघून एअर फिल्टरकडून थ्रॉटलकडे जाणाऱ्या मोठ्या हवेच्या नळीला मिळतो. हा दुसरा म्हणजे ब्रीदर पाईप.

आयडलिंगला काय होतं, मॅनिफोल्डमध्ये जबरदस्त व्हॅक्युम असतो, साधारण १८ ते २० इंच पाऱ्याइतका, तो पीसीव्ही व्हॉल्व्हमधून इंजिनाच्या पोटातली वाफ ओढतो, आणि तिची जागा घ्यायला ब्रीदर पाईपातून ताजी हवा आत येते. पण तुम्ही पूर्ण रेस दिली की मॅनिफोल्डचा व्हॅक्युम जवळजवळ नाहीसा होतो आणि ब्लो-बाय मात्र वाढलेला असतो, मग ती वाफ उलटी ब्रीदर पाईपातून हवेच्या नळीत जाते. म्हणजे या एकाच पाईपातून हवा दोन्ही दिशांनी वाहते, कधी थंड कोरडी, कधी गरम आणि ऑइलने भरलेली. रबराचं आयुष्य कशाने कमी होतं ते यातच आलं.

आता तुटल्यावर गाडी काय सांगते ते बघा. ब्रीदर पाईप तुटला तर आयडलिंगला इंजिन तुटक्या जागेतून न मोजलेली हवा घेतं. हवेचं मीटर मागे राहिलं, हवा भलतीकडूनच आली, त्यामुळे मिश्रण पातळ होतं, आयडलिंग वरखाली होतं, आणि सिग्नलला थांबलं की जळक्या ऑइलचा वास व्हेंटमधून केबिनमध्ये येतो. शिवाय ही हवा फिल्टरमधून आलेली नसते, धूळ थेट ऑइलमध्ये. मॅनिफोल्डकडचा आखूड पाईप तुटला तर लक्षण जास्त ठळक असतं, बॉनेट उघडल्यावर फुस्स असा सलग आवाज येतो आणि आयडलिंग चढून बसतं किंवा गाडी मिसिंग करते. इकडे एमओटीला, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीला, ऑगस्ट १९९२ नंतरच्या कॅटलिटिक गाड्यांची लॅम्बडा (हवा आणि इंधनाच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३ च्या आत लागते, आणि अशी चोरटी हवा आत येत असेल तर आकडा त्याच्या वर जाऊन गाडी नापास होऊ शकते. लोक मग सेन्सर बदलतात, कॅटलिस्ट बदलतात, शेकडो पाउंड घालवतात, आणि चीर असते दोन पाउंडाच्या रबरात.

चीर शोधायची कशी? इंजिन थंड असताना पाईप हाताने वाकवून बघा, फक्त वरून नाही, खालची बाजू आणि टोकं विशेष बघा, कारण चीर बहुतेक वेळा क्लिपच्या आत किंवा वळणाच्या पोटात असते, वरून पाईप छान काळाकुळकुळीत दिसतो आणि खाली बोट फिरवलं की नख अडकतं. छोटा आरसा आणि टॉर्च घ्या. मग इंजिन चालू करून ऐका. बरेच जण चालू इंजिनवर कार्ब क्लीनर फवारतात आणि आयडलिंग बदलतं का बघतात, पद्धत चालते पण ते पेट घेणारं रसायन आहे आणि हा पाईप एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या बाजूलाच आहे, तिथे मी ते मारणार नाही आणि तुम्हीही मारू नका. त्यापेक्षा पाण्याची बारीक फवारणी बरी, चिरेवर पाणी पडलं की आवाज क्षणभर बदलतो.

आता मुख्य भाग, पोटातलं प्रेशर. पाईप नवीन लावण्याआधी ही तपासणी कराच, अर्धा तास लागत नाही.

पहिलं, पीसीव्ही व्हॉल्व्ह. इंजिन आयडलिंगला ठेवून व्हॉल्व्ह ग्रोमेटमधून हळूच ओढून काढा, पाईप त्याला तसाच राहू दे, आणि त्याच्या खालच्या तोंडावर अंगठा ठेवा. चांगली ओढ लागली पाहिजे आणि अंगठा लावताना आत टिक् असा आवाज आला पाहिजे. ओढ नसेल तर पाईप चोंदलाय, मॅनिफोल्डचं निपल (पाईप ज्याच्यावर चढतो ती आखूड नळी) चोंदलंय किंवा व्हॉल्व्ह अडकलाय. बंद करून व्हॉल्व्ह कानाजवळ हलवा, आतला तुकडा खडखडला पाहिजे. खडखडत नसेल तर धुवत बसू नका, बदला, स्वस्त वस्तू आहे. धुतलेला व्हॉल्व्ह खडखडतो खरा पण आतली स्प्रिंग थकलेली असते, ते काही धुऊन नीट होत नाही.

दुसरं, ऑइल भरायच्या झाकणाची तपासणी. इंजिन गरम, आयडलिंगला. एक्झॉस्ट बाजूचा ब्रीदर पाईप टोकाशी बोटांनी किंवा रबर लावलेल्या पक्कडने दाबून धरा, म्हणजे ताजी हवा बंद. झाकण काढून त्या तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी सपाट धरा. थोड्या वेळात पिशवी आत खेचली गेली पाहिजे. ती फुगत असेल, वर उचलली जात असेल, तर पोटात वाफ जास्त तयार होतेय आणि निचरा कमी होतोय. व्हॉल्व्ह आणि पाईप साफ असूनही फुगत असेल तर मग रिंगा झिजल्यात, कॉम्प्रेशन टेस्ट करायची वेळ आली. चार सिलेंडरपैकी एखाद्याचा आकडा इतरांपेक्षा खूप खाली असेल तर त्या सिलेंडरमध्ये थोडं ऑइल टाकून परत मोजा, आकडा उसळला तर रिंगा, नाही उसळला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट. इथे मी लोकांना स्पष्ट सांगतो की पाईप बदलणं थांबवा, आता पाईपाचा विषय राहिला नाही.

तिसरं, आजूबाजूचे ऑइलचे डाग वाचा. पहिल्या पिढीच्या गाडीत हेडच्या मागे, फायरवॉलकडे, कॅम अँगल सेन्सर बसवलेला असतो आणि त्याची ओ-रिंग, म्हणजे रबरी सीलची कडी, ऑइल सोडण्याबद्दल प्रसिद्ध आहे. ऑइल इंजिनाच्या मागून खाली उतरतं आणि सगळे म्हणतात टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं. ओ-रिंग वयानेही जाते, पण नवीन टाकूनही ती परत ओली व्हायला लागली, टॅपेट कव्हरही कडेने ओलं, आणि ब्रीदरही निसटतोय, असं सगळं एकत्र दिसलं तर पोटातलं प्रेशर वाट शोधतंय हे धरून चाला.

चौथं, इकडच्या थंडीतला प्रकार. हिवाळ्यात नुसतं दुकानापर्यंत जाऊन यायचं, इंजिन पुरतं तापतच नाही, ज्वलनातलं पाणी ऑइलमध्ये मिसळून पिवळट चिकट फेस बनतो, तो झाकणाखाली दिसतो, आणि तोच पाईपात आणि व्हॉल्व्हात साठतो. कडाक्याच्या रात्री त्यातलं पाणी गोठलं की वाट बंद. मग सकाळी गाडी काढल्या काढल्या रेस दिली की पाईप निघून येतो किंवा डिपस्टिक वर उचलली जाते. असा फेस दिसला तर कूलंटची पातळी आधी तपासा, कूलंट कमी होत नसेल तर नुसता ओलावा आहे, आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवा आणि पाईप काढून साफ करा. कूलंट कमी होत असेल तर गोष्ट हेड गॅसकेटची आहे, ती वेगळी.

हे सगळं ठीक निघालं की मगच रबराकडे या. आणि इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे.

माझ्याकडे गाडी आली तेव्हा तिच्यावर आधीच्या कुणीतरी हीटरचा पाण्याचा पाईप ब्रीदर म्हणून बसवलेला होता. मापाला अगदी बरोबर, क्लिपा नव्या, बघून कुणालाही वाटलं असतं काम झकास झालंय. काढायला गेलो तर टोक भिजवलेल्या वाटाण्यासारखं फुगलेलं, बोटाने दाबलं की आत जाणारं, आणि आतल्या भिंतीचे काळे बारीक कण बोटाला लागत होते. ते कण जातात कुठे, तर हवेच्या नळीतून थेट थ्रॉटलमध्ये. पाण्याचे पाईप बहुतेक ईपीडीएम रबराचे असतात, ते रबर पाणी, कूलंट, उष्णता सगळं सोसतं, पण पेट्रोलियम ऑइल लागलं की फुगतं आणि मऊ पडतं. म्हणून कूलंटचा पाईप इथे कधीच नाही, तात्पुरता म्हणूनही नाही.

दुसरा मोह म्हणजे सिलिकॉनचा पाईप, निळा लाल चकचकीत, बॉनेट उघडलं की छान दिसतो. सिलिकॉन उष्णतेला राजा आहे, १८० अंशापर्यंत सहज, पण साध्या सिलिकॉनला ऑइल चालत नाही. ऑइलची वाफ त्याच्या भिंतीतून पाझरते, बाहेरून पाईप ओशट होतो, त्यावर धूळ बसते, आणि काही काळाने टोकं ढिली पडून क्लिपच्या खालून सरकतात. सिलिकॉनच लावायचा असेल तर आतून ऑइल सोसणारं फ्लोरो रबराचं अस्तर असलेला घ्या, तसा स्पष्ट उल्लेख असेल तरच. नसेल तर घेऊ नका, रंगाला भुलू नका.

मग चालतं काय? सगळ्यात उत्तम म्हणजे मूळ आकाराचा साच्यातला पाईप, कारण वळण आधीच घातलेलं असतं. तो मिळत नसेल किंवा महाग वाटत असेल तर सुटा पाईप विकत घेताना त्याच्यावरचं छापील वाचा. एसएई जे३० आर७ असं लिहिलेला पाईप इंधन, पीसीव्ही आणि वाफेच्या कामासाठीच असतो, तो पुरतो. आतून एफकेएमचं, म्हणजे ज्याला बाजारात व्हायटन म्हणतात त्याचं, अस्तर असेल तर अजून चांगलं, ते उष्णता आणि ऑइल दोन्ही सोसतं. साधं नायट्राइल ऑइलला घाबरत नाही पण १०० ते १२० अंशाच्या पुढे सतत राहिलं तर कडक होत जातं, म्हणून इनटेक बाजूला ते आरामात चालतं आणि एक्झॉस्ट बाजूला लवकर म्हातारं होतं. मॅनिफोल्डकडच्या आखूड पाईपाला आणखी एक अट, भिंत जाड हवी. तिथे पूर्ण व्हॅक्युम असतो, पातळ भिंतीचा पाईप गरम झाला की आत चिकटून चपटा होतो, निचरा बंद, पोटात प्रेशर, आणि मग तुटतो कोण तर पलीकडचा ब्रीदर. मी म्हणतो ना की जो तुटला त्याचा दोष असेलच असं नाही, ते यासाठीच.

माप घेताना जुन्या पाईपाचं घेऊ नका, तो फुगलेला किंवा आक्रसलेला असतो. व्हर्नियर लावून निपलचं बाहेरचं माप घ्या आणि त्याहून जरासा बारीक आतला व्यास घ्या, म्हणजे क्लिप नसतानाही तो घट्ट बसला पाहिजे. दोन्ही टोकांची निपलं वेगळ्या मापाची आहेत का तेही बघा, आणि असतील तर जाड पाईप क्लिपने आवळून बारीक निपलवर बसवायचा प्रकार करू नका, रबराला घडी पडते आणि त्या घडीतून हवा जाते.

आता बसवणी. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, सकाळी गाडी काढायच्या आधी केलं तर उत्तम. जुना पाईप खेचून काढायला जाऊ नका, कडक झालेला असतो आणि निपल तुटायची भीती. कटरने लांबीच्या दिशेने वरच्या वर हलकी चीर द्या, निपलवर ओरखडा न पडू देता, आणि सोलून काढा. पीसीव्ही व्हॉल्व्हचा ग्रोमेट जुना असेल तर तो जवळजवळ प्लास्टिकसारखा झालेला असतो आणि व्हॉल्व्ह ओढताच त्याचे तुकडे होतात. ते तुकडे टॅपेट कव्हरच्या आत पडू द्यायचे नाहीत. आधी भोवताली पुसून घ्या, ग्रोमेटच्या वरच्या ओठाला नोज प्लायरने धरून फिरवत फिरवत वर आणा, जवळ व्हॅक्युम क्लीनरची नळी धरून ठेवा. एखादा तुकडा आत गेलाच तर टॅपेट कव्हर उघडून तो काढा, आत पत्र्याचा आडोसा असतो त्याच्यावर तो सापडतो बहुतेक, पण सापडल्याशिवाय इंजिन चालू करू नका. ग्रोमेट नेहमी नवीन टाका. जुन्या ग्रोमेटमध्ये नवा व्हॉल्व्ह ढिला बसतो आणि तीच एक नवी गळती.

निपल साफ करताना बोट फिरवून बघा. प्लास्टिकच्या नळीवर साच्याची कड उरलेली असते, धातूच्या निपलवर गंजाचे फोड, आणि ही बारीक धार पाईपाला आतून रोज थोडी थोडी कापते. टोक दर वेळी एकाच जागी फाटत असेल तर नव्वद टक्के हेच कारण. बारीक पॉलिश पेपरने कड मोडा, भोवती फडकं गुंडाळून, म्हणजे भुकटी आत जाणार नाही. आतली वाट तारेने नाही, मऊ ब्रशने साफ करा.

लांबी कापताना ताणून कापू नका. इंजिन रेस दिली की रबरी माउंटवर डोलतं, हवेच्या नळीचं एक टोक बॉडीला आणि दुसरं इंजिनाला, मधल्या रबरी घड्या ते हलणं झेलतात. ब्रीदर पाईप ताठ बसवला तर ते सगळं हलणं त्याच्या टोकावर येतं. बोटभर ढील ठेवा, पण इतकी नको की मध्ये झोळ पडेल, झोळात ऑइल आणि पाणी साठतं. कुणाला तरी गाडीत बसवून, हँडब्रेक लावून, न्यूट्रलमध्ये झटकन रेस द्यायला सांगा आणि इंजिन किती डोलतंय ते लांबून बघा. खूप डोलत असेल तर माउंट दबून निकामी झालेत, तेही पाईप तोडणारं कारण आहे. सरळ पाईप वाकवून वळण घेताय तर वळणात तो चपटा होतोय का ते गरम इंजिनवर परत बघा, थंड असताना गोल दिसणारा पाईप तापला की मोडतो. वळण तीव्र असेल तर सरळ ९० अंशाचा साच्यातला तुकडा घ्या, वाद नको.

क्लिपबद्दल माझं मत, स्क्रूची क्लिप इथे नको. माणूस घट्ट करतो, घट्ट करतो, दात रबरात रुततात आणि तिथून चीर सुरू होते, शिवाय रबर बसलं की क्लिप ढिली पडते. स्प्रिंगची क्लिप रबराबरोबर स्वतः आक्रसते, पक्कडने उघडून बसवायची, बस्स. ती निपलच्या फुगवट्याच्या मागे बसली पाहिजे, फुगवट्यावर नाही. आणि पाईप चढवताना ग्रीस लावू नका, इंजिन ऑइलचा एक थेंब पुरे.

रस्त्यातच तुटला तर? टोकाला फाटला असेल आणि लांबी पुरत असेल तर फाटलेलं टोक कापून परत चढवा, हा सगळ्यात स्वच्छ उपाय. मध्ये फाटला असेल तर फाटका भाग कापून आत पितळी किंवा अॅल्युमिनियमचा जोड घालून दोन्हीकडे क्लिपा. ब्रीदर पाईपावर स्वतःला चिकटणारी सिलिकॉन टेप चालते, पण पाईप ऑइलने ओला असेल तर ती चिकटतच नाही, आधी ब्रेक क्लीनरने पुसून पूर्ण वाळू द्या, इंजिन थंड असतानाच, मग ताणून ताणून अर्ध्यावर अर्धी चढवत गुंडाळा, चिरेच्या दोन्ही बाजूंना तीन-चार बोटं पुढेपर्यंत. घरी पोचेपर्यंत पुरतं. मॅनिफोल्डकडच्या पाईपावर टेपचा भरवसा नाही, व्हॅक्युम ती आत ओढून घेतो. एम-सील, अॅरल्डाइट, सिलिकॉन सीलंट यातलं काहीही चोपडू नका, हलणाऱ्या रबरावर ते टिकत नाही आणि तुटलेला कण थ्रॉटलमध्ये जातो. साध्या सीलंटची वाफ ऑक्सिजन सेन्सरही खराब करते.

आणि एक, पाईप किंवा निपल सरळ बुच लावून बंद करणं हा उपाय नव्हे. गळती थांबल्यासारखी वाटते आणि काही दिवसांत क्रँकच्या सीलमधून ऑइल यायला लागतं, ते सील बदलायला मात्र अर्धं इंजिन उघडावं लागतं.

नवीन पाईप बसला आणि आयडलिंग उलट बिघडलं असं झालं तर घाबरू नका. बहुतेक वेळा आधीच्या कुणीतरी गळतीवर तोडगा म्हणून थ्रॉटलचा हवेचा स्क्रू फिरवून ठेवलेला असतो, आता गळती गेली आणि स्क्रू तसाच राहिला. पहिल्या पिढीच्या गाडीत बॉनेटखाली डायग्नोसिसचा छोटा डबा असतो, त्यातले टीईएन आणि जीएनडी हे दोन पॉइंट तारेने जोडायचे, इंजिन पूर्ण गरम, दिवे एसी बंद, रेडिएटरचा पंखा थांबलेला, मग स्क्रूने आयडलिंग ८५० आरपीएम, पन्नास इकडे तिकडे, यावर आणायचं. तार काढायला विसरू नका. टायमिंग लाइट असेल तर त्याच वेळी इग्निशनचं टायमिंग १० अंश आहे का तेही बघून घ्या, कॅम सेन्सरची ओ-रिंग बदलली असेल तर हे करावंच लागतं कारण सेन्सर फिरला की टायमिंग फिरतं.

ज्यांनी गाडीला नंतर टर्बो लावलाय त्यांच्यासाठी वेगळं सांगतो. तिथे बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) आला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्युमच्या जागी दाब येतो, आणि मूळ पीसीव्ही व्हॉल्व्ह तो दाब पूर्ण अडवेलच असं नाही. अडवला नाही तर बूस्ट सरळ टॅपेट कव्हरमध्ये, आणि ब्रीदर पाईप बंदुकीच्या आवाजाने निघून येतो. असा बूस्टवरच निसटणारा पाईप असेल तर दुप्पट क्लिपा लावून उपयोग नाही, मॅनिफोल्डच्या पाईपात चांगला चेक व्हॉल्व्ह टाका आणि तो तोंडाने फुंकून, एका दिशेने जातो दुसऱ्या दिशेने नाही, हे बघूनच बसवा. ट्रॅकवर नेणाऱ्यांना कॅच कॅनची, म्हणजे ब्रीदरमधलं ऑइल गोळा करणाऱ्या डब्याची, गरज पडते, लांब वळणांत ऑइल ब्रीदरकडे चढतं, पण कॅनचे पाईपही वर सांगितलेल्या रबराचेच हवेत आणि कॅन वेळच्या वेळी रिकामा हवा.

भारतात ही गाडी अधिकृतपणे कधी विकली गेली नाही, पण पुण्या-मुंबईतले मित्र विचारतात म्हणून सांगतो, टर्बो नसलेल्या जुन्या पेट्रोल गाड्यांना ही पद्धत बरीचशी अशीच असते, फक्त व्हॉल्व्ह कुठे बसवलाय ते बदलतं. तिकडे थंडीतला फेस नसतो, त्याऐवजी धूळ आणि उन्हाळा. विदर्भातल्या मे महिन्यात बॉनेटखालचं रबर किती लवकर कडक होतं ते तिकडचे लोक जाणतात. नाना पेठेत किंवा कुर्ल्याला सुटा पाईप मागाल तर फुटावर कापून देतात, पण नुसतं ब्रीदरचा द्या म्हणू नका, ऑइल आणि पेट्रोलला चालणारा, छापील शिक्का असलेला द्या असं म्हणा, आणि शिक्का स्वतः वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

काम झाल्यावर शंभरएक मैल चालवा आणि मग तीन ठिकाणी बोट फिरवा: ब्रीदरच्या दोन्ही टोकांखाली, ग्रोमेटभोवती, आणि हेडच्या मागे कॅम सेन्सरपाशी. हवेच्या नळीच्या आत ब्रीदर मिळतो तिथे ओलसर ओशट थर असणं ठीक आहे, पूर्ण रेसला वाफ तिकडून जाते म्हणून. पण तिथे ऑइलचं तळं साचलेलं दिसलं तर प्लास्टिकच्या पिशवीची तपासणी परत करा, यावेळी इंजिन चांगलं अर्धा तास चालवून झाल्यावर.